थाळीचा ब्रेक

सुखरामच्या जीपचे ब्रेक चांगले होते. अपघातानंतर पहिले काही दिवस हे म्हणणारा एकटा इश्वर होता, आणि ते ब्रेक त्यानेच बसवलेले असल्याने त्याचं म्हणणं कोणी मनावर घेत नव्हतं.

अपघात १९८४ च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. करडीच्या बाजाराला निघालेली प्रवासी जीप तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, उतरताना वळणावर थांबली नाही. पाळीच्या पायथ्याशी सेवकराम नावाचा मासेमार ओलं जाळं झटकत उभा होता. जीप दगडाला धडकून त्याच्या अंगावर उलटली. तो जागीच गेला. मागे बायको धुरपता आणि दोन मुली. जीप चालवणाऱ्या सुखरामचा उजवा पाय मोडला. त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं. आत बसलेल्यांना किरकोळ मार लागला, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाने गावात येऊन एकच गोष्ट सांगितली: सुखराम ब्रेकवर उभा राहिला होता, तरी गाडी गेली.

ब्रेक बदलल्याची हकिकत त्याआधी दोन वर्षांची आहे.

इश्वरची शेड करडीच्या रस्त्याला, राइस मिलच्या भिंतीला लागून होती. तरुणपणी त्याने नागपूरच्या एका गॅरेजात फिटरचं काम केलं होतं. वडील वारल्यावर तो परत आला. सोबत एक जुना लेथ आणला, आणि धान मळायची यंत्रं, पाण्याची इंजिनं, अधूनमधून एखादी मोटार अशी कामं करू लागला. बोलायला तुटक, कामाला चोख, अशी त्याची ख्याती होती. केलेलं काम पसंत पडलं नाही तर तो गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःच खोलायला बसायचा.

सुखरामची जीप लष्कराच्या लिलावातली. तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. लोखंडी डब्यात दोन अर्धगोल पट्ट्या, पाय दाबला की त्या डब्याला आतून घासतात आणि चाक थांबतं. कोरड्या रस्त्यावर त्यांची तक्रार नव्हती. पण या भागातला रस्ता पावसाळाभर धानाच्या बांध्यांमधल्या चिखलातून आणि नाल्यावरच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या फरशीवरून, जातो. रपट्यावर पाणी असताना गाडी काढली की डब्यात पाणी शिरायचं आणि पुढे बराच वेळ ब्रेक नावापुरता उरायचा. ड्रायव्हर लोक रपटा ओलांडला की पाय ब्रेकवर हलका टेकवून गाडी हाकायचे, पट्ट्या तापून सुकेपर्यंत. १९८२ च्या रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत सुखरामने तसंच केलं, तरी गाडी पऱ्ह्याच्या म्हणजे भातरोपांच्या पेंड्या नेणाऱ्या एका बंडीवर मागून गेली. बंडीचा एक बैल कायमचा लंगडा झाला. बैलाच्या मालकाने भांडण केलं नाही. तो बैलाशेजारी नुसता बसून राहिला. सुखराम त्याच आठवड्यात इश्वरकडे आला आणि दुसरं काही करता येतं का, म्हणून विचारू लागला.

करता येत होतं. नागपूरला असताना इश्वरने एका परदेशी मोटारीचे ब्रेक खोलले होते. त्यात डबा नव्हता. चाकाबरोबर फिरणारी बिडाची उघडी तबकडी होती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे पकडणारे दोन पॅड. उघडी असल्याने तबकडी वाऱ्यावर थंड होते आणि तिच्यावरचं पाणी फेकलं जातं. इश्वर नागपूरच्या भंगार बाजारात गेला आणि तसल्याच एका मोडक्या गाडीचे पुढचे ब्रेक घेऊन आला. जीपच्या पुढच्या चाकांना ते बसावेत म्हणून जाड पत्र्याचे कान कापले, भोकं मारली, घासून घासून जुळवले.

ब्रेक बसले, पण चांगले लागेनात. पायाला फार जोर पडायचा. त्याने पेडलचा दांडा लांब केला. मग ओल्यात पहिला दाब उशिरा पकडायचा, कारण तबकडी आणि पॅड यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहायचा. पाणी निघून जावं म्हणून त्याने तबकडीवर चर पाडले. पहिल्यांदा ते खोल झाले आणि तापल्यावर तबकडीला चीर गेली. ती त्याने मिलच्या भिंतीशी टाकली, दुसरी जोडी आणली आणि उथळ, तिरपे चर पाडले.

चाचणी मिलसमोरच्या सरळ रस्त्यावर झाली. चुन्याची रेघ मारायची, चाकांवर बादल्यांनी पाणी ओतायचं, वेग घ्यायचा आणि रेघेवर ब्रेक दाबायचा. गाडी कुठे थांबली ते बांबूने मोजायचं. हे बघायला मिलवर आलेले शेतकरी पोत्यांवर बसायचे. त्यातल्या एकाने विचारलं, "इश्वरभाऊ, थाळी तं झाली, वरन-भात कवा वाढतेस?" तेव्हापासून त्या ब्रेकला थाळीचा ब्रेक हेच नाव पडलं. उन्हाळा संपता संपता जीप ओल्या चाकांनी जुन्या ब्रेकच्या निम्म्या अंतरात थांबू लागली, तेव्हा पोत्यांवरची थट्टा बंद झाली. मोहाडीच्या गोपीचंदने आपल्याही जीपला तेच ब्रेक बसवून घेतले.

दोघांनाही इश्वरने एक सूचना दिली होती. पावसात किंवा दवाच्या सकाळी थाळीवर ओल असते. पहिला दाब कमी लागला तर घाबरायचं नाही. दोन-तीनदा हलका पाय द्यायचा, पाणी पुसलं जातं आणि पकड येते. पुढचे दोन पावसाळे ही सूचना बरोबर ठरली.

अपघातानंतर मोटार तपासायला भंडाऱ्याहून निरीक्षक आले. सरळ माणूस होता. ब्रेक बदलायला परवानगी घेतली होती का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि घेतली नव्हती हे इश्वरने लगेच सांगितलं. चाकं आपल्यासमोर खोलावीत, अशी विनंतीही त्यानेच केली. निरीक्षकांनी ती मान्य केली.

पोलीस ठाण्याच्या आवारात जीप आडव्या ओंडक्यांवर उभी केली होती. इश्वरने पुढची दोन्ही चाकं काढली. ब्रेकच्या तेलाची टाकी भरलेली होती. नळीला गळती नव्हती. सिलिंडरची रबरं कोरडी होती. निरीक्षकांनी ती स्वतः बोटाने तपासली. मग त्यांनी थाळीवर बोट फिरवलं. बोट काळं, चिकट झालं. पॅड बाहेर काढले तर ते तेल प्यायले होते आणि वरून जळून काचेसारखे गुळगुळीत झाले होते.

"टाकी भरलेली, रबर कोरडं. मग हे तेल आलं कुठून?" निरीक्षकांनी विचारलं.

इश्वरने पॅड नाकाजवळ नेला. ब्रेकच्या तेलाला असा वास नसतो, बेअरिंगच्या ग्रीसलाही नसतो. फोडणी करपली की घरात जो वास भरून राहतो, तो हा होता. जवसाचं तेल. त्याने थाळीच्या मधल्या भागाकडे पाहिलं. तिथे, जिथवर पॅड पोचत नाही, कुंकवाचं एक बोट उमटलेलं होतं.

"मालूम नाई, साहेब," तो म्हणाला.

निरीक्षकांनी तेवढंच लिहिलं: पुढचे ब्रेक तेलकट, तेल कुठून आलं ते कळत नाही, बदल विनापरवाना. गावाने उरलेलं स्वतः भरून टाकलं. इश्वरचं काम गळकं निघालं आणि माणूस मेला. मळणीयंत्रं घेऊन येणारी माणसं दुसरीकडे जाऊ लागली. मिलवरून जाणारे शेडकडे न बघता जायचे.

या भागात दसऱ्याला घरातलं सगळं लोखंड बाहेर काढतात. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, भाजी चिरायची पावशी. ते राखेने घासतात, धुतात, तेलाचा हात फिरवतात, हळदकुंकू लावतात. पूजलेलं अवजार त्या दिवशी वापरत नाहीत. मोटार आली तसा तिचाही यात समावेश झाला. तेलाचं हे काम घरातल्या बाईचं. सुखरामच्या घरी ते बेबीबाईंचं, त्याच्या आईचं होतं. इश्वरने स्वतःच्या शेडमध्येही त्या सकाळी पकड, पाने, लेथ, सगळ्यावर तेलाचा हात फिरवला होता.

दोन दिवसांनी तो सुखरामच्या घरी गेला. सुखराम अजून दवाखान्यातच होता. बेबीबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. साठीकडे झुकलेल्या, उंच, सूप हलवताना खांदासुद्धा न हलू देणाऱ्या बाई. त्यांनी इश्वरला बसायला सांगितलं नाही, पण पाणी आणून दिलं.

"तुह्या थाळीनं माह्या पोराचा पाय नेला, गा," त्या म्हणाल्या. "अन् मी तिले किती जपलं. मागच्या साली चाकं काढलीच नाई; यंदा सुखरामनं काढली, धुवाले तलावावर नेली. मी थाळीवर पानी मारलं तं घडीभरात लाल झाली. सनाच्या दिवशी गंजलेलं लोखंड दारात ठेवतेत का? राखेनं घासली, जवसाचं तेल चोळलं. आरशावानी चमकत होती. तिले तेवढीबी लाज नाई वाटली."

बीड पाण्याने असंच लाल होतं आणि पहिल्या दोन दाबांत पॅड ते पुसून काढतात. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. इश्वरने पेला खाली ठेवला. सुखरामच्या पायाची चौकशी केली. बोलायचं ठरवून तो आला होता. त्यांच्या हाताकडे त्याने पाहिलं आणि तो न सांगताच निघून आला.

घटना कशी घडली हे आता त्याच्यापुढे स्पष्ट होतं. चाकं परत बसवताना सुखरामने चमकणारी थाळी पाहिली असेल आणि आईने पुसली असं समजला असेल. सकाळी पहिला दाब लागला नाही तेव्हा त्याला सूचना आठवली: दव आहे, हलका पाय द्यावा. त्याने तो दिला. पाणी असतं तर पुसलं गेलं असतं. तेल मात्र प्रत्येक दाबाबरोबर पॅडमध्ये मुरत गेलं. सपाट रस्त्यावर मागच्या ब्रेकांनी भागलं. भरल्या गाडीने पाळीच्या उतारावर भागलं नाही. इश्वरची सूचना, बेबीबाईंचं तेल आणि सुखरामचा विश्वास, तिन्ही एका चाकात येऊन मिळाले होते.

त्यानंतर धुरपता शेडमध्ये आली. तिशी ओलांडलेली, कपाळ मोकळं. ती दारातच उभी राहिली. इश्वरने लेथ बंद केला.

"मी भांडाले नाई आली," ती म्हणाली. "काय चुकलं तेवढं सांग. पोरी विचारून राहिल्या, बाबा कसा मेला. त्याईले काय सांगू?"

"माह्या कामात चुकलं."

"काय चुकलं?"

इश्वरने लेथवरचं फडकं उचललं आणि तो हात पुसू लागला. मिलचा पट्टा फिरत असल्याचा आवाज भिंतीपलीकडून येत होता.

"तुले मालूम हाये," ती म्हणाली, "अन् सांगत नाईस." ती आली तशी गेली.

दिवाळी जवळ येत होती. दिवाळीला पुन्हा गाड्या धुतल्या जातात, पुन्हा लोखंडाला तेल लागतं. मोहाडीच्या गोपीचंदची जीप तशाच उघड्या थाळ्यांवर रोज माणसं भरून धावत होती. मागच्या दसऱ्या-दिवाळीला तिला तेल लागलं नव्हतं, तो निव्वळ योगायोग. गोपीचंद तेव्हा पचमढीला भाडं घेऊन गेला होता. इश्वरने त्याला निरोप पाठवून बोलावून घेतलं.

गोपीचंद बोलका, जाडजूड माणूस. शेडमध्ये आल्या आल्या त्याने रिकाम्या जागेकडे पाहून, दुकान उठवलं का, म्हणून विचारलं. इश्वरने त्याचे ब्रेक तपासले, ते ठीक होते. मग त्याने सांगितलं, "गाडी धुशीन तं थाळीले तेल लागू देऊ नको. घरी बायांले सांग."

"काहून?" गोपीचंद म्हणाला. "कोनी लावलं होतं का?"

इश्वर लेथकडे वळला. गोपीचंद थोडा वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिला. बोलका असला तरी तो भोळा नव्हता. जाताना त्याने करडीच्या चहाच्या टपरीवर गाडी थांबवली. तिथे तो काय बोलला ते नक्की कोणाला सांगता येत नाही, पण आठवडा संपायच्या आत विहिरीवर पाणी भरणाऱ्या शकुनबाईने बेबीबाईंना विचारलं, की दसऱ्याला तुम्ही जीपच्या कोणकोणत्या भागाला तेल लावलं होतं.

बेबीबाई घागर विहिरीवरच ठेवून निघाल्या आणि चालत इश्वरच्या शेडला आल्या. इश्वरने स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत.

"माह्या तेलानं झालं का?"

"एकट्या तेलानं नाई, काकी. मी सुखरामले..."

"हो का नाई, तेवढं सांग."

"हो."

त्यांनी लेथच्या कडेला हात टेकला. मग म्हणाल्या, "कसं?"

इश्वरने एक जुना पॅड उचलला होता, तो परत ठेवला. "काकी, जातं गुळगुळीत झालं तं तुमी काय करता?"

"छिन्नीनं टाकी लावून घेतो. खरखर नसली तं दाना फुटत नाई."

"त्या दोन दगडाच्या मंधात तेल सोडलं तं?"

"दाना घसरून..." त्या थांबल्या. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी विचारलं, "मंग जुन्या डब्याले दरसाल तेल लावत होतो, तवा काही नाई झालं?"

"तो बंद होता. तुमचं तेल बाहेरच्या बाहेर राहे. ही उघडी मी ठेवली." इश्वरने आपला वाटाही सांगितला, एकेक करून, कोणाच्या तरी कामातल्या चुका मोजाव्यात तसा. दवाची सूचना त्याची होती. त्याच सकाळी त्याने स्वतःच्या लेथला तेल लावलं होतं, तरी त्याच्या ध्यानात आलं नाही. चालवणाऱ्याला त्याने सगळं सांगितलं. घरातल्या लोखंडाला ज्यांचा हात लागतो त्यांना काही सांगितलं नाही.

बेबीबाईंनी ते ऐकून घेतलं. "तुले कवापासून मालूम?"

"ठाण्यात थाळी पाह्यली तवापासून."

"अन् माह्या अंगनात येऊन पानी पिऊन गेला."

इश्वरने पुढे केलेलं स्टूल मागे सरकवलं.

"धुरपताबी आली होती म्हनते तुह्याकडं. तिलेबी असाच उभा राह्यला?" त्यांनी त्याच्याकडे सरळ पाहिलं. "तू माह्यावर दया केली, इश्वर. तिच्यावर नाई केली."

त्या धुरपताच्या घराकडे निघाल्या. तो त्यांच्याबरोबर निघाला, तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं. "तू येऊ नको."

धुरपताचं घर तलावाच्या कडेला होतं. बेबीबाई पाळीवरून गेल्या. जिथे जीपच्या धक्क्याने दगड हलला होता तिथे थोडं थांबल्या. घरापुढे दोन्ही मुली मासे वाळत घालत होत्या, त्यांना धुरपताने आत पाठवलं. पुढचं बोलणं शेजारच्या मनकर्णाबाईने कुडाआडून ऐकलं आणि नंतर जसंच्या तसं सांगितलं. लांब बोलणं नव्हतंच. बेबीबाईंनी उभ्यानेच सांगितलं की त्यांनी थाळीला तेल लावलं, तेलाने ब्रेक गेला, आणि तो तसा जातो हे त्यांना माहीत नव्हतं. इश्वरला कळलं होतं, त्याने झाकून ठेवलं, हेही सांगितलं. त्यांनी माफी मागितली नाही. धुरपताने दिलीही नाही.

धुरपता ओट्यावर बसली होती. तिने विचारलं, तेल कोणतं. बेबीबाई म्हणाल्या, जवसाचं.

"आमीबी जवसाचंच लावतो," धुरपता म्हणाली. त्या दिवशी तिनेही कुऱ्हाडीला, सेवकरामच्या गळांना, त्याच्या डोंग्याच्या, म्हणजे होडीच्या, साखळीला तेल लावलं होतं. साखळी अजून खुंटीला टांगलेली होती. धुरपता साखळीकडे बघत राहिली. मग विचारलं, "आनखी कोनाच्या गाडीले अशी थाळी हाये?"

"मोहाडीच्या गोपीचंदच्या."

"त्याच्या घरी मालूम हाये?"

"इश्वरनं त्याले सांगितलं म्हनते."

"त्याले," धुरपता म्हणाली. "गाडी घासते कोन? तो?" आणि मग, आवाज न चढवता, "मंग इथं काहून उभ्या हा, काकी? जा."

बेबीबाई आधी ठाण्यात गेल्या. तिथल्या हवालदाराला त्यांनी सगळं सांगितलं आणि लिहून घ्यायला लावलं. त्याने लिहिलं. मग समजावलं की दसऱ्याला लोखंडाला तेल लावणं हा गुन्हा होत नाही, आजी, तुम्ही घरी जा. बेबीबाई बराच वेळ बाकावर बसून राहिल्या. कोणीतरी काहीतरी ठरवून सांगेल म्हणून त्या आल्या होत्या. तसं कोणी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, त्या एसटीतून मोहाडीला उतरल्या आणि विचारत विचारत गोपीचंदच्या घरी पोचल्या. अंगणात जीप विटांवर चढवलेली होती. पुढची चाकं काढून भिंतीला लावली होती. धुतल्यावर थाळ्यांवर लाल झाक धरली होती. शेजारी पाटावर राखेचा गोळा, झेंडूची फुलं, कुंकवाचा करंडा आणि तेलाची वाटी. गोपीचंदची बायको चंद्रकला राखेने एक थाळी घासत होती. दुसरी घासून झालेली होती आणि तेलात भिजवलेलं फडकं वाटीच्या काठावर ठेवलेलं होतं.

गोपीचंद ओट्यावर दाढी करत होता. बेबीबाईंना पाहून तो साबणाच्या तोंडानेच उठला. वाटीकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याचा चेहरा उतरला. टपरीवर सगळ्यांना सांगितलेली गोष्ट घरात सांगायची त्याची राहून गेली होती.

बेबीबाई वाटीजवळ जाऊन बसल्या. त्यांनी वाटी उचलली नाही. चंद्रकलाने कोण, कुठल्या, म्हणून विचारलं.

"मी करडीकडची. सुखरामची माय," त्या म्हणाल्या. "बाई, हे तेल मी लावलं होतं. तलावावरचा सेवकराम माह्या हातानं गेला."

चंद्रकलाच्या हातातली राख खाली पडली. तिने आधी बेबीबाईंकडे, मग आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग वाटी आणि फडकं उचलून ती आत घेऊन गेली, आणि बाहेर आली ती कोरडं धडपं घेऊन. बेबीबाईंनी तिला जात्याचं सांगितलं, इश्वरने सांगितलं होतं त्याच शब्दांत. दोघींनी मिळून थाळ्या कोरड्या केल्या. हळदकुंकू बॉनेटवर लावलं. जेवून जा, असं चंद्रकला म्हणाली. बेबीबाई थांबल्या नाहीत.

खटला दोन वर्षं चालला. विनापरवाना बदलाबद्दल इश्वरला दंड झाला. तेलाची नोंद पुराव्यात आली आणि सुखराम सुटला. त्याचा पाय वाकडाच जुळला, त्याने पुन्हा गाडी चालवली नाही. दवाचं समजून मी पाय देत राहिलो, हे वाक्य त्याने कोर्टात जसं सांगितलं तसं पुढे अनेक वर्षं अनेकांना सांगितलं. इश्वरकडे कामं हळूहळू परत आली. त्याने थाळीसाठी बारीक तारेची जाळी बनवली, वारा जाईल पण बोटं जाणार नाहीत अशी. ती चिखलाने भरली की थाळी तापायची, म्हणून पुन्हा खोलली आणि भोकं मोठी केली. बेबीबाईंना त्याने ती दाखवली, तेव्हा त्यांनी तारेतून बोट घालून पाहिलं. बोट आत गेलं नाही.

"ठीक हाये," त्या म्हणाल्या. "पन ज्याईच्या गाडीले जाळी नाई, त्याईच्या घरी मले जाच लागन."

तोवर कारखान्यातूनच थाळीचे ब्रेक लावून येणाऱ्या छोट्या मोटारी या भागात दिसू लागल्या होत्या. मोहाडीत एक, तुमसरकडे दोन, करडीच्या राइस मिलवाल्याची एक. दसरा आला की बेबीबाई एक दिवस आधी निघायच्या आणि त्या त्या घरच्या बाईला भेटून यायच्या. मालकाशी त्या बोलत नसत. प्रत्येक घरी त्या तेच सांगायच्या आणि सेवकरामचं नाव घ्यायच्या. धुरपताकडे त्या पुन्हा गेल्या नाहीत. पण तलावाच्या पाळीवरून जाताना, धुरपता ओट्यावर असली तर थांबायच्या. धुरपता मान वर करून विचारायची, कुठं चालल्या. त्या गावाचं नाव सांगायच्या. धुरपता बरं म्हणायची.

दसऱ्याच्या सकाळी घरी परतल्यावर त्या नेहमीप्रमाणे फाळ, विळे, कुऱ्हाड काढून तेलाचा हात फिरवायच्या. १९८७ साली शेजारच्या ईस्तारीने घेतलेली थाळीच्या ब्रेकची नवी मोटार बेबीबाईंच्याच अंगणात उभी असायची. त्या वर्षी तिच्याजवळ जाण्याआधी बेबीबाई चुलीशी बसल्या, कोपरापर्यंत राख चोळली, पाण्याने हात धुतले, पुन्हा राख चोळली, पुन्हा धुतले. दारात बसलेला सुखराम ते बघत होता. मग त्यांनी पदराला हात पुसले, नाकाजवळ नेऊन वास घेतला, आणि कोरडं फडकं हातात घेतलं.